फिरंगी पपई, इराणी रोटी, लखनवी दस्तरखान

लखनौच्या जुन्या चौकात हिवाळ्यातली सकाळ दोन ठिकाणी सुरू होते. गोल दरवाजापाशी फेरीवाले मोठमोठ्या पराती घेऊन बसलेले असतात. परातीत पिवळसर, हलका, ढगासारखा फेस. याला इथे मख्खन मलई किंवा निमिश म्हणतात. आटवलेले दूध रात्रभर उघड्यावर दवात ठेवायचे, पहाटे घुसळायचे आणि वर येणारा फेस अलगद काढून त्यावर केशर-पिस्ता भुरभुरायचा. ऊन चढले की फेस बसतो, म्हणून दहाच्या आत सगळे संपवायचे. पलीकडे अकबरी दरवाजाच्या बाजूला रात्रभर शिजलेल्या निहारीच्या हंड्याचे झाकण निघालेले असते आणि तंदूरमधून गरम कुलचे बाहेर पडत असतात. एकीकडे कपाळावर टिळा लावलेला मलईवाला, दुसरीकडे टोपीवाला नानबाई. मधून सायकली, रिक्षा आणि शाळेत निघालेली पोरे.

युनेस्कोने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी लखनौला खाद्यसंस्कृतीसाठी 'सर्जनशील शहर' हा दर्जा दिला. हा मान मिळवणारे हैदराबाद (२०१९) नंतरचे हे भारतातले दुसरे शहर. घोषणा झाली ती उझबेकिस्तानातल्या समरकंदमध्ये, म्हणजे पुलावाच्या माहेरीच म्हणायचे! पण लखनौचे म्हणून जे पदार्थ जग ओळखते, त्यातले अस्सल लखनौचे किती आणि बाहेरून आलेले किती, हा हिशेब मांडायला बसले की मोठी गंमत होते. या शहराच्या ताटात इराण आहे, काश्मीर आहे, दिल्ली आहे, पंजाब आहे. आणि ज्यांनी या शहरावर एक दिवसही राज्य केले नाही, ते पोर्तुगीजही आहेत.

निशापूरहून आलेले घराणे

अवधचे नवाब मुळात परदेशी. घराण्याचा संस्थापक सादत खान बुऱ्हान-उल-मुल्क हा इराणच्या खोरासान प्रांतातल्या निशापूरचा. १७२२ मध्ये मोगल बादशहाने त्याला अवधचा सुभेदार नेमले. पुढे त्याच घराण्यातल्या असफउद्दौलाने १७७५ मध्ये राजधानी फैजाबादहून लखनौला हलवली आणि गोमतीकाठच्या या गावाचे नशीब पालटले.

तिकडे दिल्लीची मोगल सत्ता खिळखिळी झाली होती. शायर, गवई, कारागीर, हकीम आणि आचारी पोटासाठी पूर्वेकडे निघाले. उर्दूतला थोर शायर मीर तकी मीर १७८२ मध्ये लखनौला आला, तो शेवटपर्यंत तिथेच राहिला. काश्मिरी पंडितांची कुटुंबे आली, त्यांची वस्ती 'काश्मिरी मोहल्ला' म्हणून ओळखली जाऊ लागली. हिशेब-दप्तर सांभाळणारे कायस्थ आले. प्रत्येकाने आपापली चूल बरोबर आणली.

इराणी वळण कुठे दिसते? शीरमालमध्ये. आपण ईदच्या शीरखुर्म्यामुळे 'शीर' म्हणजे दूध हे जाणतो. शीरमाल ही दुधात मळलेली, वरून केशर-दूध लावलेली, नारिंगी झाक असलेली गोडसर रोटी. नाव फारसी, घडण मात्र लखनौची. चौकातल्या चावलवाली गल्लीत आजही शीरमालच्या भट्ट्या ओळीने पेटलेल्या दिसतात. मोहरमच्या मजलिशी असोत की लग्नाची पंगत, शीरमालशिवाय पान पुरे होत नाही.

पाच शेर तुपाचा पराठा

नवाबांच्या मुदपाकखान्याच्या कथा अब्दुल हलीम शरर या लेखकाने 'गुजिश्ता लखनौ' या ग्रंथात नोंदवून ठेवल्या आहेत. आचाऱ्यांतही पायऱ्या होत्या. मोठमोठ्या देगा उतरवणारा तो बावर्ची आणि थोडकाच पण नजाकतीचा पदार्थ करणारा तो रकाबदार. रोट्या भाजणारा नानबाई वेगळाच.

शरर सांगतात, गाजीउद्दीन हैदरच्या आचाऱ्याला रोज सहा पराठ्यांसाठी तीस शेर तूप लागे. म्हणजे एका पराठ्याला पाच शेर! वजीराने त्याला हटकले. आचारी म्हणाला, तूप कढईत घालतो, पराठा तळतो आणि उरलेले फेकून देतो. वजीराने पराठ्यामागे एकच शेर तूप मंजूर केले. चार दिवसांत राजाच्या जिभेला फरक कळला. खरे कारण समजल्यावर राजा वजीरावरच उखडला. तू सगळे राज्य लुटतोस ते चालते, आणि हा बिचारा माझ्या जेवणासाठी चार शेर तूप जास्त घेतो ते तुला खुपते, असा त्याचा रोख होता.

दुसरी कथा असफउद्दौलाची. एक आचारी नोकरी मागायला आला. काय करतोस, तर फक्त उडदाची डाळ. पगार महिना पाचशे रुपये, आणि अट अशी की डाळ तयार झाल्याची वर्दी आली की नवाबाने ताबडतोब पानावर बसायचे. एकदा नवाब गप्पांत रमला. तीनदा वर्दी देऊनही उठला नाही. आचाऱ्याने डाळीचे भांडे एका वठलेल्या झाडाच्या बुंध्याशी ओतले आणि तो चालता झाला. काही दिवसांनी म्हणे त्या झाडाला पालवी फुटली! खरेखोटे देव जाणे. पण ज्या शहरात साध्या डाळीची अशी दंतकथा होते, ते शहर स्वयंपाकाकडे कोणत्या नजरेने पाहते ते यातून कळते.

दमाच्या पद्धतीचीही अशीच आख्यायिका आहे. १७८४ च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून असफउद्दौलाने बडा इमामबाडा बांधायला घेतला. मजुरांसाठी मोठ्या देगांत सगळे जिन्नस एकत्र घालून, झाकण कणकेने लिंपून मंद निखाऱ्यावर ठेवत, त्यातून 'दमपुख्त' जन्मले असे लखनौकर सांगतात. वाफ कोंडून शिजवण्याची रीत त्याआधीही ठाऊक होती. पण राजाच्या पंगतीतला मानाचा प्रकार दुष्काळातल्या मजुरांच्या देगेतून आला, ही गोष्ट लखनौला आपली वाटते, हे महत्त्वाचे.

फिरंगी कुठून आले?

चौकात 'फरंगी महल' नावाची प्रसिद्ध वास्तू आहे. मूळ घर एका युरोपियन व्यापाऱ्याचे, म्हणून हे नाव. पुढे औरंगजेबाने ते मुल्ला निजामुद्दीनच्या घराण्याला दिले आणि तिथे इस्लामी विद्येचे मोठे पीठ उभे राहिले. नाव मात्र फिरंग्याचेच राहिले.

आपल्याकडे बखरींतून 'फिरंगी' म्हटले की पोर्तुगीज डोळ्यांसमोर येतो. वसई, चौल, गोवा इथे तो तलवार घेऊन आला. लखनौला तो आला तो भाजीच्या टोपलीतून!

थोडे आपल्या स्वयंपाकघरातच पाहा. बटाटा, पपई, काजू, अननस, पाव ही सगळी नावे आपण पोर्तुगीजांकडून घेतली. त्यांतली पाव सोडून बाकी झाडे-वेली मूळच्या अमेरिका खंडातल्या. मिरची, टोमॅटो आणि पेरूही तिकडचेच. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज जहाजांनी हा नवा माल हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उतरवायला सुरुवात केली आणि तिथून तो देशभर पांगला.

आता लखनौचा सगळ्यात नावाजलेला पदार्थ घ्या. गलावटी कबाब. 'गलावट' म्हणजे विरघळणे. दात नसलेल्या नवाबासाठी हा बनवला, अशी कथा आहे. खिमा लोण्यासारखा मऊ व्हावा म्हणून त्यात वाटून घालतात ती कच्ची पपई. पपईच्या चिकात मांसाचे तंतू तोडणारे द्रव्य असते. म्हणजे नवाबी कबाबाचे मर्म ज्या फळात आहे, ते अमेरिकेत जन्मले आणि फिरंग्यांच्या गलबतातून आले!

मिरचीच्या बाबतीत लखनौ हात राखून वागते. इथल्या जुन्या कोर्म्यात टोमॅटो नसतो. आंबटपणा दह्याचा, रंग केशराचा आणि तिखटाची फक्त कुणकुण. कोल्हापूरच्या माणसाला पहिल्या घासाला हे जेवण सपक वाटेल. तिसऱ्या घासाला वेलदोडा, जायपत्री, केवडा एकेक करून पुढे येतात.

आंब्याचीही गोष्ट तशीच. आपला हापूस हे नाव पोर्तुगीज 'अफोन्सो'वरून आले. आंब्याची कलमे बांधण्याची रीत गोव्यात पोर्तुगीजांनी, विशेषतः जेझुइट पाद्र्यांनी, चांगली रुजवली. लखनौपासून तीसेक किलोमीटरवरच्या मलिहाबादमध्ये आज कलमांच्या बागाच बागा आहेत. तिथल्या दशहरीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. याच गावचे हाजी कलीमुल्ला खान यांनी एकाच झाडावर तीनशेहून अधिक जातींची कलमे केली. त्यांना २००८ मध्ये पद्मश्री मिळाली. एका बुंध्यावर तीनशे जाती! लखनौच्या दस्तरखानाचे याहून नेमके चित्र दुसरे कुठले?

युरोपियन माणसेही आलीच. फ्रेंच साहसवीर क्लॉड मार्टिन याने इथे अफाट पैसा कमावला. १८०० मध्ये तो इथेच वारला आणि त्याच्या संपत्तीतून 'ला मार्टिनियर' शाळा उभी राहिली. नवाबांना साहेबी टेबलाचेही आकर्षण वाटू लागले. १८२४ मध्ये बिशप हेबर गाजीउद्दीन हैदरकडे न्याहारीला गेला, तेव्हा मांडणी इंग्रजी थाटाची होती आणि राजाने स्वतःच्या हाताने पाहुण्याच्या बशीत गरम रोल ठेवला. पराठ्यांचा शौकीन राजा पाहुण्याला मात्र पावाचा भाऊबंद वाढतो, हाही लखनवी पाहुणचारच.

बटाट्याचा प्रवास

१८५६ मध्ये इंग्रजांनी वाजिद अली शाहाला पदच्युत केले. कवी, नर्तक, गवयांचा आश्रयदाता असा हा शेवटचा नवाब कलकत्त्याच्या मटियाबुर्जला जाऊन राहिला. वर्षाला बारा लाख रुपये पेन्शन आणि सोबत आचाऱ्यांचा ताफा. १८८७ मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत मटियाबुर्ज हे छोटे लखनौच झाले होते.

आज कलकत्त्याच्या बिर्याणीत मोठा सोनेरी बटाटा असतो, तो या ताफ्याची आठवण मानला जातो. काही म्हणतात, पैसे कमी पडू लागले म्हणून मांसाऐवजी बटाटा घातला. नवाबाचे वंशज हे मानत नाहीत. त्या काळी बटाटा ही नवलाईची भाजी होती आणि मांसाच्या रसात मुरलेला बटाटा लागतो छान, म्हणून तो घातला, असे ते सांगतात. कारण काहीही असो, लखनौची बिर्याणी कलकत्त्याला गेली आणि फिरंगी कंदाशी तिची सोयरीक जमली.

खुद्द लखनौमध्ये बिर्याणीत बटाटा घालत नाहीत. जुने लखनौकर तर 'बिर्याणी' हा शब्दही दिल्लीवाल्यांचा मानतात, इथला मान पुलावाचा. मांसाच्या यखनीत, म्हणजे मसालेदार पाण्यात, तांदूळ शिजवून घ्यायचे आणि मग दम द्यायचा. चौकात पाटानाल्याजवळच्या इद्रिसच्या दुकानात कोळशावरच्या देगेत आजही तसेच होते.

पण बटाट्याने लखनौला सोडले नाही. हजरतगंजमध्ये रॉयल कॅफेची 'बास्केट चाट' प्रसिद्ध आहे. बटाट्याचा कीस टोपलीच्या आकारात तळायचा आणि त्यात टिक्की, वाटाणे, दही, चटण्या, डाळिंबाचे दाणे भरायचे. एकट्या माणसाला संपवणे कठीण, म्हणून घरातले चौघे एकाच बशीत चमचे घालतात.

आणि ज्येष्ठातल्या मंगळवारी तर बटाटा सगळ्या शहराला जेवू घालतो. याला 'बडा मंगल' म्हणतात. अलीगंजचे जुने हनुमान मंदिर नवाब शुजाउद्दौलाच्या बेगमेने बांधले अशी परंपरा आहे. मंदिराच्या कळसावर चंद्रकोर आहे. त्या दिवशी गल्लोगल्ली मांडव पडतात. कढयांत पुऱ्या तळल्या जातात, पातेल्यांत बटाट्याची रस्साभाजी रटरटते, सरबताची पिंपे भरतात. ओळखपाळख नसताना रस्त्यावरच्या प्रत्येकाला हाताला धरून द्रोण दिला जातो. वाढणाऱ्यांत मुसलमान दुकानदारही असतात. भर उन्हाळ्यात त्या दिवशी लखनौमध्ये कोणी उपाशी राहत नाही.

शाकाहारी घरातले 'मांसाहारी' डोके

लखनौ म्हणजे फक्त कबाब ही समजूत चुकीची. कायस्थ घरांत पुरुष मांस खात, पण बऱ्याच स्त्रिया खात नसत. त्यांनी मसाले तेच ठेवले आणि जिन्नस बदलला. बेसनाची 'मछली', मुगाच्या डाळीची 'कलेजी', फणसाचे कबाब, अळकुड्यांचे सालन. दिसायला अगदी हुबेहूब. यामागे गंमत होती, तशी एका ताटावर बसण्याची सोयही होती.

मिठाईचे राम आसरे हे दुकान १८०५ पासूनचे असल्याचे सांगते. मलईच्या पापुद्र्यात खडीसाखर-सुकामेवा भरून केलेली त्यांची मलई गिलोरी विड्यासारखी दिसते.

१९४७ नंतर पश्चिम पंजाब आणि सिंधमधून निर्वासित आले. आलमबागेत छोले-भटुरे आणि तंदुरी कोंबडी आली. लालबागेत शर्माजींच्या चहासोबत पांढऱ्या लोण्याने भरलेला बन मिळतो आणि गोल सामोसाही. हिवाळ्यात चौकात गुलाबी काश्मिरी चहा मिळतो. मराठी माणसाने या शहराला खाण्याचे काय दिले ठाऊक नाही, पण गाणे नक्की दिले. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये इथे संगीत महाविद्यालय निघाले आणि श्रीकृष्ण रातंजनकरांनी ते अनेक वर्षे सांभाळले. कैसरबागेत वाजिद अली शाहाच्या परीखान्यातच ते भरते.

एक दिवस तवा थंड पडला

हाजी मुराद अली यांना एकच हात होता. थोटा म्हणजे तिकडच्या भाषेत 'टुंडा'. १९०५ मध्ये त्यांनी चौकात कबाबाचे दुकान काढले आणि व्यंगाचे नाव ब्रीद झाले, 'टुंडे कबाबी'. चौकातला त्यांचा कबाब म्हशीच्या मांसाचा. तो स्वस्त, म्हणून हमालापासून वकिलापर्यंत सगळ्यांना परवडणारा.

मार्च २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात नवे सरकार आल्यावर विनापरवाना कत्तलखान्यांवर कारवाई सुरू झाली. म्हशीच्या मांसाचा पुरवठा आटला. शतकाहून जुना टुंडेचा तवा एक दिवस पेटलाच नाही. दुसऱ्या दिवशी पेटला तो कोंबडी आणि बकऱ्याच्या कबाबांसाठी. मोठ्या दुकानाचे नाव वर्तमानपत्रांत आले. पण हातगाडीवर कबाब विकणारा, कुलच्याची भट्टी चालवणारा, जनावरांची ने-आण करणारा, अशा शेकडो लहान माणसांची चूल त्या दिवसांत मंदावली, तिची बातमी कमी झाली.

सरकारची बाजू अशी होती की, बेकायदा आणि अस्वच्छ कत्तलखाने बंद व्हायलाच हवेत. त्यात वावगे काही नाही. पण परवाने द्यायचे आणि सोयी उभारायच्या हे कामही सरकारचेच. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने एप्रिल २०१७ मध्ये एका किरकोळ मांसविक्रेत्याच्या याचिकेवर हेच दाखवून दिले. खाण्याच्या सवयींचा संबंध जगण्याच्या हक्काशी आहे, अशी त्या निकालाची दिशा होती. पुढे पुरवठा सावरला आणि चौकात जुना कबाब परतला. पण ताट किती सहज हिरावले जाऊ शकते, हे शहराने तेव्हा पाहिले.

दुसरा धोका असा गाजावाजा करत येत नाही. आश्रयदाते गेले तसे रकाबदारही गेले. काहींची विद्या पंचतारांकित हॉटेलांनी उचलली. लखनौच्या आचारी घराण्यातले इम्तियाज कुरेशी यांनी दिल्लीच्या हॉटेलात 'दमपुख्त'ला जगभर नाव मिळवून दिले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते वारले. पण घरोघरच्या बायकांच्या हातात जे आहे, मुगाची कलेजी, मोहरमचा प्रसाद, हिवाळ्याची निमिश, ते कोणत्याही हॉटेलच्या यादीत नाही. युनेस्कोचा दर्जा पाटीवर लावता येतो. हाताची चव पाटीवर लावता येत नाही, ती शेजारी उभे राहूनच शिकावी लागते.

चौकात सकाळी दहा वाजता निमिशवाला रिकामी परात पुसून ठेवतो. समोरचा नानबाई शेवटचा कुलचा काढतो. कुणाचा फेस कुठल्या देशाचा आणि कुणाची रोटी कुठल्या मुलखाची, हे दोघेही विचारत बसत नाहीत. उद्या पहाटे पुन्हा दूध घुसळायचे असते आणि भट्टी पेटवायची असते.

घरी करून पाहा: फणसाचे कबाब

साहित्य: कोवळ्या कच्च्या फणसाचे तुकडे पाव किलो, हरभऱ्याची डाळ अर्धी वाटी (दोन तास भिजवलेली), आले-लसूण वाटण एक चमचा, सुक्या लाल मिरच्या दोन, लवंगा तीन, वेलदोडे दोन, दालचिनीचा तुकडा, मीठ, बारीक चिरलेला कांदा आणि पुदिना, दोन चमचे भाजलेले बेसन, तळायला तूप.

कृती: फणस, डाळ, वाटण, मिरच्या आणि अख्खा मसाला अगदी थोड्या पाण्यात कुकरला तीन शिट्ट्यांवर शिजवा. झाकण काढून पाणी पूर्ण आटवा, नाहीतर कबाब फुटतील. गार झाल्यावर दालचिनी काढून टाका आणि पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये वाटा. बेसन आणि मीठ घालून मळा. लहान गोळ्यांच्या मध्यभागी कांदा-पुदिना भरून चपटे करा. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. तव्यावर थोड्या तुपात मंद आचेवर दोन्ही बाजूंनी खरपूस परता. लिंबू आणि कांद्याच्या चकत्यांबरोबर गरमच वाढा.